चित्रकाराचा हत्ती

सोलापुरात आम्ही हत्ती पाहिला तो सर्कशीत, नाहीतर मिरवणुकीत. तेवढ्यावर चित्र काढू गेल्यास आकार साधेल, हत्ती साधणार नाही. रानात हत्तिणी आणि पिले कळपाने राहतात. वाट दाखविते ती वडीलधारी हत्तीण. वयात आलेले नर बहुधा वेगळे हिंडतात. हे पाहावयाचे तर चित्रकाराने रानच गाठले पाहिजे.

अजिंठ्याच्या दहाव्या व सतराव्या लेण्यांत षड्दंत जातक रंगविलेले आहे. सहा सुळ्यांचा गजराज ही कल्पना खरी; परंतु भोवतालचा कळप, अंगाचा डौल, सोंडांची वळणे हे निरीक्षणाचेच फळ होय.

आजच्या चित्रकाराला महाराष्ट्राबाहेर जावयास नको. २००२ साली कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात उतरले. तेथे केळी-माडांच्या बागा मोडल्या, माणसेही दगावली. मग चित्रात घ्यावे काय? अजिंठ्याच्या चित्रकाराने गजराजाबरोबर त्याच्या सुळ्यांसाठी आलेला शिकारीही रंगविला. आपणही हत्तीबरोबर मोडलेली बाग आणि तिच्या बांधावर उभा शेतकरी काढावा. एकाला वगळून दुसऱ्याचे चित्र पुरे होत नाही.