आधी दार उघडायला शिका

एक माणूस दार उघडतो, खोली ओलांडतो, समोर बसलेल्या माणसापुढच्या खुर्चीत बसतो आणि दोघं दोन-चार वाक्यं बोलतात. संपलं. खून नाही, किंकाळी नाही, खिडकीत पांढरा चेहरा नाही. इंग्लंडमधल्या कितीतरी शाळकरी मुलांच्या भयपटाची सुरुवात या अशा बेचव प्रसंगापासून झाली आहे.

ओसीआर हे तिथलं एक मोठं परीक्षा मंडळ. ए-लेव्हलच्या ‘मीडिया स्टडीज’ या विषयाचा त्यांचा जो अभ्यासक्रम २००८ साली वर्गात आला, त्यात पहिल्याच वर्षाच्या, म्हणजे आपल्या अकरावीच्या वयाच्या मुलांना एक प्रात्यक्षिक होतं. एका नव्या, काल्पनिक चित्रपटाची नामावली आणि सुरुवात तयार करायची. लांबी जास्तीत जास्त दोन मिनिटं, गट जास्तीत जास्त चौघांचा. संगीत आणि ध्वनिपरिणाम सोडले तर उसनं काही चालणार नाही. पडद्यावर दिसेल ते सगळं स्वतः चित्रित केलेलं हवं. गुण १००: संशोधन आणि नियोजनाला २०, प्रत्यक्ष कामाला ६०, केलेल्या कामाकडे वळून पाहण्याला २०. आणि या सगळ्याच्या आधी सरावासाठी ते दार, ती खोली, ती खुर्ची.

प्रकार कोणता निवडायचा हे मुलांवर सोडलेलं होतं. मुलं बहुधा वळत ती भयपटाकडे, नाहीतर थरारपटाकडे. त्यात नवल नाही. प्रेमकथेला अभिनय लागतो, विनोदाला वेळेची जाण लागते, ऐतिहासिक पटाला कपडेपट लागतो. भयपटाला लागतो अंधार, आणि तो फुकट मिळतो. लंडनला डिसेंबरात सूर्य चारच्या आतच मावळतो. शाळा सुटते तेव्हा बाहेर तिन्हीसांज झालेली असते. घर रिकामं, आई-वडील कामावर. भुताला आणखी काय हवं?

शिवाय या वाटेवरचे पूर्वजही गरीबच होते. सॅम रेमी आणि त्याच्या मित्रांनी ‘द इव्हिल डेड’साठी महागड्या यंत्रांऐवजी कॅमेरा एका फळीवर बसवला, फळीची दोन टोकं दोघांनी धरली आणि जंगलातून पळत सुटले. पडद्यावर मात्र झाडांमधून कुणीतरी अदृश्य झेपावत येत असल्याचा भास झाला. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’चे दोन्ही दिग्दर्शक फ्लोरिडातल्या एका विद्यापीठात सिनेमा शिकलेले. त्यांनी १९९७च्या ऑक्टोबरात आठ दिवसांत चित्रीकरण उरकलं, आणि गोष्टही घेतली ती जंगलात हरवलेल्या तीन चित्रपट-विद्यार्थ्यांची. जॉन कार्पेंटरच्या ‘हॅलोवीन’मधला (१९७८) तो जगप्रसिद्ध मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’च्या कॅप्टन कर्कचा, दोन डॉलरांहून कमी किमतीत दुकानातून आणलेला. त्याला पांढरा रंग मारला, डोळ्यांची भोकं मोठी केली, झालं.

हे किस्से ऐकून मुलांना वाटतं, आपणही करू. त्याच दुपारी पांढरा मुखवटा येतो, टोमॅटो केचप येतो, स्वयंपाकघरातली सुरी येते. तिथेच बाई किंवा सर थांबवतात. सुरीला तर थांबवावंच लागतं, कारण सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी सुरी बाळगणं हा ब्रिटनमध्ये गुन्हा आहे, आणि संध्याकाळी बागेत मुखवटा घालून सुरी परजणाऱ्या मुलाकडे शेजारी ‘अभ्यासक्रम’ म्हणून बघत नाहीत. पण थांबवण्याचं मोठं कारण वेगळं असतं. मुलांनी सुरुवात लिहिलेलीच नसते. त्यांनी ट्रेलर लिहिलेला असतो.

दोन मिनिटांत पाठलाग, खून, मुखवटा, रक्त आणि शेवटी हसणारी बाहुली. ट्रेलर सगळं थोडं थोडं दाखवून बोलावतो. सुरुवातीला तसं करून चालत नाही. तिनं एकच प्रश्न पेरायचा आणि उत्तर द्यायच्या आत बाजूला व्हायचं. म्हणून नियोजनाचं पहिलं काम म्हणजे चित्रपट एका वाक्यात सांगणं, आणि त्या वाक्यातला प्रश्न शोधणं.

समजा चौघांनी असं ठरवलं: मुलगी शाळेतून घरी येते. किल्लीनं दार उघडते. घरात कुणी नाही. स्वयंपाकघरात येते तर विजेच्या किटलीतून वाफ निघते आहे. बस. रक्ताचा थेंब नाही, पण पाणी तापत कुणी ठेवलं, हा प्रश्न पुढचा दीड तास पुरेल.

आता हे वाक्य चौकटींत मांडायचं. राही अनिल बर्वे यांनी ‘तुंबाड’ या भयपटासाठी अशा चौकटींचा सातशे पानांचा स्टोरीबोर्ड काढला होता, चित्रपट पडद्यावर यायला २०१८ साल उजाडलं. दोन मिनिटांना वीस-पंचवीस चौकटी पुरतात. चित्र वाईट असलं तरी चालतं, काडीची माणसंही चालतात; कॅमेरा कुठे आहे आणि पात्र कुठून कुठे जातंय, हे कळलं पाहिजे. मग त्या चौकटी फोनवर टिपून, एकेक जितका वेळ पडद्यावर राहायला हवी तितका वेळ ठेवून, एकामागोमाग लावून बघायच्या. इथे बहुतेक गटांना पहिला धक्का बसतो. दोन मिनिटं म्हणजे युरोपातल्या व्हिडिओच्या हिशेबानं तीन हजार चित्रं. ऐकायला ढीगभर वाटतात. पण किल्ली लावणं, दार, बूट काढणं, हाक मारणं, बोळ, यातच दीड मिनिट गेलेलं असतं आणि किटली अजून दिसलेलीही नसते. मग कात्री. बूट गेले, दुसरी हाक गेली.

त्यानंतर यादी: कोणता शॉट, कुठे, कुणासोबत, कोणत्या वस्तू. आणि क्रम. चित्रीकरणाचा क्रम गोष्टीच्या क्रमानं जात नाही, हे मुलांना फार उशिरा पटतं. ‘हॅलोवीन’ची सुरुवात, जिथे आपण खुन्याच्याच डोळ्यांनी घराभोवती फिरतो, आत शिरतो, जिना चढतो, ती चार मिनिटं चित्रीकरणाच्या अगदी शेवटी टिपली. कारण साधं होतं. गोष्टीत पंधरा वर्षांनंतर दाखवायचं ते घर पडकं हवं होतं आणि मिळालेलं घर पडकंच होतं. आधी ते तसं वापरलं. मग सगळ्यांनी मिळून रंगवलं, सामान आणलं आणि ‘पंधरा वर्षांपूर्वी’चं चित्रण केलं. सलग वाटणाऱ्या त्या शॉटमध्ये जोड आहेत, आणि खुनी असलेल्या छोट्या मुलाचे म्हणून दिसणारे हात आहेत निर्मात्या डेब्रा हिल यांचे. वसंत ऋतूत शरद उभा करायचा होता, म्हणून रंगवलेली पानं अंगणात पसरायची, शॉट झाला की पोत्यात भरायची आणि पुढच्या अंगणात पुन्हा पसरायची. भयपटाच्या इतिहासात रक्ताइतकाच झाडूचाही वाटा आहे.

आता चित्रीकरण. गडद रात्री साध्या कॅमेऱ्यात काही धड दिसत नाही. चित्र दाणेदार होतं, चेहरे चिखलासारखे. म्हणून जाणती मुलं तिन्हीसांजेचा अर्धा तास पकडतात: आकाश निळं-काळं, घरातले दिवे लागलेले. आत एकच दिवा, तोही बाजूनं. वाफेचीही एक खोड असते. समोरून उजेड टाकला तर ती कॅमेऱ्याला दिसतच नाही. दिवा तिच्या मागे ठेवला, पाठीमागे काळोख ठेवला की पांढरी होऊन उठते. आणि तिवई हवी. मंडळाच्या निकषांच्या यादीत ‘शॉट स्थिर धरणं’ असा साधा मुद्दा होता. थरथरता कॅमेरा म्हणजे भीती, अशी समजूत असलेल्यांना तो फार झोंबे.

आणि मग येतं ते दार. मुलगी बाहेरून दाराला हात लावते, पुढच्या शॉटमध्ये आतून दार उघडतं. पहिल्या शॉटमध्ये उजवा हात आणि दुसऱ्यात डावा असला की सगळं ओमफस्. पिशवी कोणत्या खांद्यावर, केस मोकळे की बांधलेले, दार किती उघडलं: या हिशेबाला सिनेमावाले ‘कंटिन्युइटी’ म्हणतात, आणि तो ठेवणारा माणूस गटात एक तरी लागतोच. ती बोळातून डावीकडून उजवीकडे चालत गेली तर स्वयंपाकघरातही डावीकडूनच शिरली पाहिजे. म्हणजे कॅमेऱ्यानं तिच्या वाटेच्या एकाच अंगाला राहायचं. हाच १८० अंशांचा नियम. कॅमेरा त्या वाटेच्या रेषेपलीकडे गेला की चालणारी मुलगी परत फिरल्यासारखी वाटते.

आपल्याकडे याला एक शब्द आहे: चकवा. ओळखीच्या रानात माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे त्याच बांधावर येऊन उभा राहतो. कॅमेरा चुकीच्या बाजूला गेला की प्रेक्षकाला नेमकं हेच होतं. मग भयपटाला तर चकवाच लावायचा असतो ना, असं एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारतो. खरं आहे. पण ज्याला वाट पाठ आहे तोच चकवा लावू शकतो. घर कसं आहे, दार कुठे, किटली कुठे, हे प्रेक्षकाला आधी निःशंक कळलेलं असलं, तरच त्या घरातली एक गोष्ट जागची हलली की त्याच्या पोटात गोळा येतो. जिथे सगळंच अनोळखी आणि वेडंवाकडं, तिथे माणूस घाबरत नाही. गोंधळतो, आणि मग घड्याळ बघतो. दार-खोली-खुर्चीचा कंटाळवाणा सराव याच्यासाठी. भीतीच्या आधी भरवसा बांधावा लागतो.

उरलेलं अर्धं काम कानाचं. १९४२च्या ‘कॅट पीपल’मध्ये एक बाई रात्री निर्मनुष्य रस्त्यानं चालली आहे, मागे पावलं वाजताहेत, मग पावलंही थांबतात. शांतता ताणली जाते, आणि अचानक श्वापदाच्या फुत्कारासारखा आवाज करत पडद्यात शिरते ती बस. निर्माता व्हॅल ल्यूटन, संकलक मार्क रॉब्सन. त्यानंतर अशा फसव्या दचक्याला धंद्यात ‘बस’च म्हणू लागले. आपल्या चौघांकडे बस नाही, पण किटली आहे. पाणी उकळलं की ती आपोआप बंद होते आणि तिचं बटण ‘टक्’ करून उडतं. एरवी कुणाच्या लक्षातही न येणारा आवाज. त्याच्या आधी दहा सेकंद घर गप्प ठेवलं, तर तोच बंदुकीच्या बारासारखा लागतो.

पण गप्प घर म्हणजे निःशब्द पट्टी नव्हे. प्रत्येक खोलीला स्वतःचा एक मंद आवाज असतो. तो अर्धं मिनिट वेगळा टिपून ठेवायचा आणि सगळ्या शॉटांखाली अंथरायचा, नाहीतर प्रत्येक जोड कानाला टोचतो. तो टिपताना फ्रिज बंद करावा लागतो. मुरलेले ध्वनिमुद्रक त्या वेळी गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतात: घरी जाताना ती घ्यायला दार उघडलं, की फ्रिज चालू करायची आठवण होते. भुताचा सिनेमा करताना कुणाच्या घरचं दूध नासू नये, हेही नियोजनच.

शेवटी नामावली. ती प्रात्यक्षिकाचाच भाग असल्यामुळे टाळता येत नाही. निर्मितीसंस्थेचं नाव, कलाकार, संगीत, संकलन, छायाचित्रण, लेखन आणि सर्वांत शेवटी दिग्दर्शक. गट चौघांचा, त्यामुळे तीच नावं फिरून फिरून येतात. हसू येतं खरं. पण आपल्याकडच्या रामसे कुटुंबानं तरी वेगळं काय केलं? त्यांचा १९७०चा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ आपटला, तेव्हा तुलसी आणि श्याम या भावांच्या लक्षात आलं की पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात त्या एका प्रसंगाला थिएटर जागं होतं. तेवढा धागा धरून सात भाऊ कामाला लागले, घरातल्या घरात खातेवाटप झालं: कुणी पटकथा, कुणी कॅमेरा, कुणी ध्वनी, कुणी संकलन, दोघं दिग्दर्शन. छायाचित्रणाचं इंग्रजी पाठ्यपुस्तक समोर ठेवून धडे गिरवले, मंडळी महाबळेश्वरला नेली आणि १९७२ साली ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ आला. नामावलीत तिथेही एकच आडनाव फिरत होतं.

ओसीआरचा तो अभ्यासक्रम आता राहिला नाही. २०१७पासून ए-लेव्हलचा हा विषय नव्या साच्यात शिकवला जाऊ लागला. पण दोन मिनिटांच्या त्या कामाची रचना ज्यानं कुणी केली, त्याला भयपटाचं मर्म ठाऊक असावं. चित्रपट पूर्ण झाला, वर्गात दाखवून झाला, योग्य जागी दोघी-तिघी दचकल्या, की मुलांपुढे मूल्यमापनाचे सात प्रश्न येत. रूढ संकेत वापरले की मोडले, प्रेक्षक कोण, वितरण कोण करील, तंत्राबद्दल काय कळलं. आणि सातवा, शेवटचा प्रश्न त्यांना पुन्हा आरंभी नेई: तुमचा तो पहिला सराव पाहा, आणि तिथून इथपर्यंत येताना काय शिकलात ते सांगा.

मुलं जुनी फाइल उघडतात. एक माणूस दार उघडतो. बाहेर उजवा हात, आत डावा. कॅमेरा हलतो, बोलणारे दोघं एकमेकांकडे न बघता एकाच दिशेला बघताहेत. तेव्हा हे कुणालाच दिसलं नव्हतं.