स्मृतिचाचणीत ३० पैकी २२ गुण म्हणजे स्मृतिभ्रंश? समजून घ्या
आजीला 'एमएमएसई' चाचणीत ३० पैकी २२ गुण मिळाले, की घरचे धास्तावतात. १९७५ पासूनच्या या चाचणीत साधारणपणे २४ पेक्षा कमी गुण धोक्याचे मानले जातात.

मात्र, शिक्षणानुसार गुण बदलतात. अमेरिकेतील १९९३ च्या अभ्यासात किमान नऊ वर्षे शिकलेल्यांचा मध्यक गुण २९, तर चार वर्षांपर्यंतच शिकलेल्यांचा २२ होता. कारण चाचणीत वाक्य लिहावे लागते, १०० मधून सात-सात वजा करावे लागतात. म्हणूनच हरियाणातील बल्लभगड परिसरातील निरक्षर ज्येष्ठांसाठी वेगळी हिंदी चाचणी तयार झाली.

उलट, पदवीधर आजोबांच्या २५ गुणांकडेही दुर्लक्ष नको. डॉक्टरांना शिक्षण किती झाले ते सांगा. पूर्वी जमणारा हिशेब, औषधांच्या वेळा आता चुकतात का, तेही सांगा.