भातखाचरातील जिवाणू आणि जड धातूंचे विष

हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींत राहून हवेतील नत्र पिकास मिळवून देणारे जिवाणू आता शेतकरी बंधूंच्या चांगल्या परिचयाचे झाले आहेत. पेरणीपूर्वी बियाण्यास जिवाणू संवर्धन चोळण्याचे काम गावोगाव होते. साहजिकच, सांडपाण्यामुळे ज्यांची जमीन बिघडली आहे असे बांधव विचारतात, की असेच एखादे संवर्धन टाकून जमिनीतील विषही नाहीसे करता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येण्यासारखे नाही. चुकीच्या उत्तराची किंमत मात्र खाणाऱ्याच्या प्रकृतीने मोजावी लागते. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेणे इष्ट होय.

जिंझू नदीकाठची हकीकत

जपानमधील तोयामा प्रांतात जिंझू नावाची नदी आहे. तिच्या वरच्या अंगास कामिओका येथे जस्ताची खाण होती. जस्ताच्या खनिजाबरोबर कॅडमियम हा धातू आढळतो. खाणीच्या सांडपाण्यातून तो नदीत गेला, नदीचे पाणी पाटाने भातखाचरांत आले आणि कॅडमियम तांदळात उतरले. वर्षानुवर्षे तो तांदूळ खाल्ल्याने व ते पाणी प्याल्याने लोकांची मूत्रपिंडे बिघडली व हाडे ठिसूळ झाली. रोग्यांत प्रौढ वयाच्या स्त्रियाच अधिक होत्या. वेदनेने त्या 'इताई, इताई' म्हणजे 'दुखते, दुखते' असे कण्हत, म्हणून रोगाला तेच नाव पडले. खाणीतील कॅडमियम हे या रोगाचे कारण असल्याचे जपान सरकारने १९६८ साली मान्य केले.

पुढे तेथील जमिनी दुरुस्त करण्यासाठी वरचा दूषित थर गाडून त्यावर चांगली माती पसरावी लागली. सुमारे ८६० हेक्टरांचे हे काम १९७९ मध्ये सुरू झाले आणि २०१२ मध्ये पुरे झाले. बिघडण्यास मोकळे सोडलेले पाणी पुरते, सुधारण्यास मात्र एक पिढी जाते, हा यातील बोध आहे.

जिवाणू काय करतात?

पालापाचोळा कुजतो तेव्हा जिवाणू त्याचे घटक सुटे करून हवेत व मातीत मिसळतात. धातूचे तसे होत नाही. कॅडमियम, शिसे, पारा हे मूळ द्रव्यच असल्याने कोणताही जिवाणू ते खाऊन संपवू शकत नाही. तो धातूचे रूप तेवढे पालटतो. पाण्यात विरघळलेला धातू मुळांवाटे पिकात शिरतो. न विरघळणाऱ्या रूपातील धातू बहुतांशी मातीतच पडून राहतो. जिवाणूंचा उपयोग होतो तो येथे.

गाळात, जेथे हवा पोहोचत नाही तेथे, काही जिवाणू सल्फेटवर आपला श्वास चालवितात व त्यापासून सल्फाईड तयार करतात. साचलेल्या गटाराला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो याच क्रियेचा. हे सल्फाईड जस्त किंवा कॅडमियम यांच्याशी संयोग पावले की न विरघळणारा साका तयार होतो.

नेदरलँड्समधील बुडेल येथे जस्ताच्या जुन्या कारखान्याखालचे भूजल दूषित झाले होते. १९९२ पासून तेथे हे पाणी उपसून मोठ्या टाक्यांतील अशा जिवाणूंकडून स्वच्छ करण्यात येऊ लागले. जिवाणूंना खाद्य म्हणून मद्यार्क देत आणि खाली बसलेले जस्ताचे सल्फाईड पुन्हा कारखान्यात वापरीत. हे काम बंद टाकीत व जाणकारांच्या देखरेखीखाली झाले, हे ध्यानात ठेवावे.

खाचरात हीच क्रिया

भाताचे खाचर पाण्याने भरलेले असते तेव्हा त्याच्या गाळात हेच जिवाणू विकत न आणता काम करीत असतात. खाचर सुकले की हवा आत शिरते, सल्फाईड मोडते आणि कॅडमियम पुन्हा मोकळे होते. यासाठी जपानमध्ये कॅडमियम असलेल्या जमिनीत भात निसवण्यापूर्वी तीन आठवडे व निसवल्यानंतर तीन आठवडे खाचरात सतत पाणी ठेवण्याचा सल्ला देतात. त्यामुळे दाण्यात उतरणारे कॅडमियम कमी होते. सडलेल्या तांदळात किलोमागे ०.४ मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅडमियम नसावे, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे.

तथापि ही युक्ती सर्वत्र लागू नाही. जमिनीत आर्सेनिक असेल तर साचलेल्या पाण्याने ते उलट मोकळे होते व दाण्यात अधिक उतरते. पाऱ्याच्या बाबतीत तर सल्फाईड करणारे काही जिवाणूच साध्या पाऱ्याचे रूपांतर अधिक विषारी मिथिल पाऱ्यात करतात. म्हणजे एका धातूस जे औषध, तेच दुसऱ्यास अपथ्य. सबब धातू कोणता हे कळल्याशिवाय उपाय करू नये.

काय करावे, काय करू नये

१. प्रथम दूषित पाण्याची वाट बंद करावी. पाणी येतच राहिले तर जिवाणू, चुना वा खत यांपैकी कशाचाही टिकाऊ उपयोग होत नाही.

२. नेहमीच्या माती परीक्षणात जस्त व तांबे पाहतात, ते पोषक द्रव्ये म्हणून. कॅडमियम, शिसे, आर्सेनिक यांची तपासणी त्यात नसते. शंका असल्यास माती, पाणी व धान्य या तिन्हींचे नमुने जड धातूंसाठी म्हणून वेगळे पाठवावेत.

३. जमीन आम्ल असल्यास परीक्षणानुसार चुना द्यावा. आम्लता कमी झाली की पीक कॅडमियम कमी घेते.

४. दूषित जमिनीत पालेभाज्या घेऊ नयेत. पानांत कॅडमियम लवकर साठते.

५. शहरी मैल्याचा गाळ तपासल्याशिवाय शेतात पसरू नये.

६. 'जमिनीतील धातू नाहीसे करणारी' म्हणून कोणी पुडी विकू लागल्यास, धातू जाऊन बसतो कोठे, असे त्यास विचारावे. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास पैसे खर्च करू नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती, की नाल्याचे पाणी रंग पालटू लागले, की पीक बिघडण्याची वाट न पाहता ते वरिष्ठांस लेखी कळवावे व नमुना घेऊन ठेवावा. कॅडमियमला रंग नाही, वास नाही. त्याने भरलेला भातही ताटात पांढराशुभ्रच दिसतो. गाळातील जिवाणू आपले काम इमानाने करीत असतात. त्यांच्या आवाक्याबाहेरचे विष शेतात येऊ न देणे, हे काम मात्र माणसाचेच आहे.