मार्चमधला हिवाळा

अलास्कातल्या जुन्या घरगुती फिल्मचा डबा हातात आला की आधी तो हुंगायचा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ॲसिटेटची पट्टी कुजायला लागली असं समजावं. तिच्यातून सुटणारं आम्ल तिलाच आणखी खातं. पट्टी आकसते, वाकडी होते, ठिसूळ होते. ती जुन्या प्रोजेक्टरवर चढवली, तर दातेरी चाकं कडेची भोकं फाडत जातात आणि पन्नास-साठ वर्षं टिकलेली दृश्यं मिनिटभरात संपतात. म्हणून ही फिल्म आधी हातानेच तपासावी लागते. दोन चक्रांवर रीळ चढवायचं, मधे खालून उजेड येणारी काच ठेवायची आणि पट्टी कडेला धरून भिंगाखालून सावकाश सरकवायची. पडद्यावर चार मिनिटांत संपणाऱ्या रिळाला असा तासभर सहज लागतो. मला या कामातला हाच तास सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण नुसत्या चित्रात न दिसणारं बरंच काही पट्टी सांगून जाते.

कोडॅकने 8 मिलिमीटरची फिल्म 1932 मध्ये बाजारात आणली ती मंदीच्या दिवसांत, सामान्य कुटुंबाला परवडावी म्हणून. कॅमेऱ्यात जायची ती 16 मिलिमीटर रुंदीची 25 फूट पट्टी. अर्ध्या रुंदीवर चित्रण झालं की कॅमेरा उघडून रीळ उलटं बसवायचं आणि उरलेल्या अर्ध्यावर चित्रण करायचं. धुलाईनंतर प्रयोगशाळा ती उभी चिरायची आणि दोन्ही तुकडे टोकाला टोक जोडून 50 फुटांचं रीळ परत पाठवायची. रीळ उलटताना थोडा उजेड आत शिरायचाच. त्यामुळे पट्टीच्या मध्यावर पांढरा-केशरी भपकारा दिसतो. डिजिटल प्रत करताना पुष्कळ जण तो ‘खराब भाग’ म्हणून कापतात. मला ते पटत नाही. एका बाजूला नोव्हेंबरचा पहिला बर्फ आणि दुसऱ्या बाजूला मे महिन्यातला चिखल, असं एकाच रिळात असू शकतं. मधे कॅमेरा कित्येक महिने कपाटात होता, ही गोष्ट त्या भपकाऱ्यामुळेच कळते.

रंगांनी मात्र ही फिल्म थक्क करते. कोडॅकची रंगीत फिल्म कोडाक्रोम 8 मिलिमीटरमध्ये 1936 साली आली. अंधारात ठेवलेल्या कोडाक्रोमचे रंग इतके टिकतात, की चौकडीच्या लोकरी कोटाचा लाल आजही तसाच लाल दिसतो. बर्फावरच्या सावल्या निळ्या असतात. तो दोष नव्हे. उन्हातला बर्फ सूर्याचा उजेड परतवतो आणि सावलीतल्या बर्फावर फक्त निळ्या आकाशाचा उजेड पडतो. संगणकावर तो निळा पुसून बर्फ सरसकट पांढरा करून टाकणं म्हणजे त्या दिवसाचं आकाशच पुसणं.

अशी बरीच रीळं पाहिली की एक गोष्ट खटकायला लागते. या फिल्मांमधला हिवाळा फारच उजळ आहे. स्लेजला जुंपलेली कुत्री, खिडकीपर्यंत चढलेला बर्फ, फावडं घेऊन वाट करणारी मुलं, आणि सगळीकडे लख्ख ऊन. अलास्कातल्या फेअरबँक्स शहराचा खरा हिवाळा असा नसतो. डिसेंबरच्या अखेरीस तिथला दिवस पावणेचार तासांचाही भरत नाही आणि भर दुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम दोन अंश चढतो. त्या काळच्या कोडाक्रोमला उजेड भरपूर लागे. तिची संवेदनशीलता फक्त 10 एएसए होती. 1961 मध्ये कोडाक्रोम-2 आली तेव्हा ती 25 झाली. म्हणजे डिसेंबर-जानेवारीतलं अंगण या फिल्मला फारसं दिसतच नव्हतं. पडद्यावर जो हिवाळा आपण पाहतो तो बहुतेक मार्च-एप्रिलमधला, दिवस मोठा झाल्यावरचा. फेअरबँक्सची 1946 पासूनची स्लेज-शर्यत मार्चमधली. नेनाना गावात टनाना नदीचा बर्फ नेमका कधी फुटेल यावर 1917 पासून पैज लागते. ती वेळ येते साधारण एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला. मधल्या काळोख्या महिन्यांतली दृश्यं असलीच तर घरातली असतात. नाताळचं झाड, डोळ्यांवर थेट मारलेले प्रखर दिवे आणि त्यामुळे डोळे किलकिले करून हसणारी माणसं. तिथल्या माणसांनी सोसलेला सगळ्यांत कठीण काळ फिल्मवर जवळपास नाहीच, हे ध्यानात ठेवूनच ही दृश्यं बघायला हवीत. नाहीतर उत्तरेचं आयुष्य म्हणजे ऊन आणि बर्फातले खेळ, असा समज होतो.

थंडीची खूण मात्र पट्टीवर सापडते. तेव्हाचे बरेच कॅमेरे चावीचे होते. कडाक्याच्या थंडीत आतलं वंगण घट्ट व्हायचं आणि यंत्र मंद चालायचं. सेकंदाला सोळाऐवजी दहा-बाराच चौकटी पडायच्या. नेहमीच्या वेगाने दाखवल्यावर कुत्री भलतीच वेगाने पळतात. शिवाय प्रत्येक चौकटीवर उजेड जास्त वेळ पडल्यामुळे चित्र फिकट होतं. पळण्याचा वेग आणि फिकटपणा एकदम वाढलेले दिसले, की त्या दिवशी हवा फार गार असावी असा माझा अंदाज असतो. कोरड्या थंडीत घर्षणाने वीज साठते आणि कधी फिल्मवर झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक रेघा उमटवते. त्याही पुसू नयेत.

कधीकधी अशी फिल्म कुटुंबापुरती राहत नाही. 27 मार्च 1964 रोजी अलास्कात 9.2 तीव्रतेचा भूकंप झाला. व्हाल्डीझ बंदरात ‘चेना’ नावाचं मालवाहू जहाज धक्क्याला लागलं होतं. त्यावरच्या खलाशांनी आपल्या 8 मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांनी बंदरातलं पाणी उसळताना आणि ओसरताना टिपलं. पायाखालची जमीनच धोक्याची ठरल्यामुळे पुढे ते गाव काही किलोमीटर दूर नव्याने वसवलं गेलं. जुन्या गावातले रस्ते, दुकानं, दारापुढचे बर्फाचे ढीग हलत्या चित्रांत पाहायचे तर आता बहुधा कुणाच्या तरी घरगुती रिळांतच.

फेअरबँक्सच्या विद्यापीठातल्या अलास्का फिल्म अर्काइव्ह्जमध्ये अशी घरगुती रीळं जपली आहेत. जपणुकीच्या या कामातला अवघड भाग म्हणजे नावं. मूळ रहिवाशांच्या गावांत कॅमेरा पुष्कळदा बाहेरून आलेल्या शिक्षकाच्या, परिचारिकेच्या किंवा मिशनऱ्याच्या हातात असे. डब्यावर वर्ष आणि गावाचं नाव सापडतं, समोर हसणाऱ्या बाईचं नाही. पट्टीच्या काठावरच्या कोडॅकच्या खुणांवरून फिल्म कोणत्या साली बनली ते कळतं, पण तीच खूण वीस वर्षांनी पुन्हा येते, म्हणून दृश्यातल्या गाड्यांची मॉडेलंही बघावी लागतात. माणसाचं नाव मात्र त्या गावातली आजी किंवा आजोबाच सांगू शकतात आणि ते दरवर्षी कमी होत आहेत.

साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेत, कॅनडात गेलेल्या मराठी कुटुंबांनीही आपला पहिला बर्फ सुपर-8 फिल्मवर टिपला. त्यातली काही रीळं पुण्या-मुंबईच्या कपाटांत असतील आणि आपली दमट हवा त्यांची वैरीण आहे. तुमच्याकडे असा डबा असेल तर प्रोजेक्टरवर लावून बघू नका. वास येणारं रीळ बाकीच्यांपासून वेगळं ठेवा, थंड आणि कोरड्या जागी. जाणकाराकडून डिजिटल प्रत करून घ्या, पण मूळ रीळ टाकू नका आणि हाताने काही लिहिलेला डबा तर मुळीच नाही. प्रत हाती आली की घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवा, फिल्म सुरू करा आणि ते जे बोलतील ते रेकॉर्ड करून ठेवा.