ड्रोन आणि जुना संगणक

सातारा व सांगली जिल्ह्यांत कृष्णाकाठचा ऊस पुरुषभर उंच वाढला म्हणजे त्यात शिरून औषध फवारणे दुष्कर होते. हे काम आता ड्रोनकडूनही करून घेतात. काही ड्रोन उड्डाणापूर्वी संगणकास जोडून तपासावे लागतात. संगणक जुना असला, तर तो या पाहुण्यास पुष्कळदा ओळखतच नाही. आणि कीड पसरत असता फवारणीचा दिवस हातचा जातो.

असे का व्हावे? संगणक व ड्रोन यांमध्ये दुभाष्याचे काम एक आज्ञावली करते. तिला 'ड्रायव्हर' म्हणतात. 'विंडोज ७' या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. पुढे निघालेले अनेक ड्रायव्हर तिच्यासाठी रचलेलेच नाहीत.

तथापि संगणकास दोष देण्यापूर्वी केबल पाहावी. साध्या यूएसबी केबलीत चार तारा असतात : दोन विजेच्या, दोन माहितीच्या. काही स्वस्त केबलींत माहितीच्या तारा नसतातच. ड्रोनचा दिवा लागतो, पण संभाषण होत नाही. आणि दिवा पाहूनच मनुष्य फसतो!

केबल बदलूनही ओळख न पटल्यास निर्मात्याच्या संकेतस्थळावरून आपल्या प्रणालीस जुळणारा ड्रायव्हर घ्यावा. ३२ बिटांच्या प्रणालीवर ६४ बिटांचा ड्रायव्हर चालत नाही. हा सर्व खटाटोप चालू असता ड्रोनची पाती मात्र काढून ठेवावीत.