संगणकाच्या धड्यांतील उदाहरणें

संगणकाची भाषा शिकविणारें पुस्तक आतां पुष्कळ सुशिक्षित घरांत असतें. एकच प्रत थोरल्या चुलतभावापासून धाकट्या बहिणीपर्यंत फिरते, आणि येथेंच घोटाळा होतो. प्रत तीच राहते. भाषा मात्र पुढें गेलेली असते.

पायथॉन ही भाषा घ्या. तिच्या दुसऱ्या आवृत्तींत 'प्रिंट' हा शब्द लिहून पुढें अवतरणचिन्हांत मजकूर दिला कीं तो पडद्यावर उमटे. २००८ च्या डिसेंबरांत तिसरी आवृत्ति आली. तींत तोच मजकूर कंसांत घालणें सक्तीचें झालें. दुसऱ्या आवृत्तीचा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२० रोजीं संपला, तरी कंसावांचून छापलेले धडे कपाटांत आहेतच. मुलगी त्यांतील पहिली ओळ जशीच्या तशी उतरते आणि यंत्र ती नाकारतें. तिला वाटतें, आपल्यालाच हें जमत नाहीं. घरांतील वडील माणसेंहि तसेंच म्हणून मोकळीं होतात! छापील अक्षरावर आपला विश्वास फार.

ही चूक निदान बोलकी आहे. कंस राहिले असें यंत्र अलीकडे स्वतःच सुचवितें. भागाकाराची चूक मुकी. ३० लाडू, एका डब्यांत १२, तर पूर्ण भरलेले डबे किती? जुन्या पायथॉनांत ३० ला १२ नीं भागिलें कीं २ येत, कारण दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच राही. नव्यांत तीच ओळ कुरकुर न करितां २.५ देते. पूर्णांक हवा असल्यास तिरकी रेघ दोनदां द्यावी लागते. जुने प्रोग्रॅम नव्या रूपांत आणण्यासाठीं 'टू-टू-थ्री' नांवाचें साधन होतें. तें कंस घाली, परंतु भागाकारास हात लावीत नसे. लेखकाच्या मनांत डबे होते कीं आणखी कांहीं, हें त्यास कोठून कळणार?

म्हणून आम्हांस वाटतें कीं लेखकानें प्रत्येक उदाहरण छापण्यापूर्वीं चालवून पाहावें, व कोणत्या आवृत्तीवर चालविलें तें आरंभींच सांगावें. पायथॉनबरोबरच 'डॉक्टेस्ट' हें साधन विनामूल्य मिळतें. धड्यांतील उदाहरण तें स्वतः चालवितें आणि खालीं छापलेल्या उत्तराशीं ताडून पाहतें. मागाहून शुद्धिपत्र चिकटविण्यापेक्षां हें किती सोपें!

घरची जुनी प्रत मात्र रद्दींत देण्याचें कारण नाहीं. धाकट्यांच्या हातीं देण्यापूर्वीं थोरल्यानें पेन्सिलीनें कंस घालावे, आणि भागाकाराच्या प्रत्येक ओळीपाशीं समासांत खूण करावी.