शासनविरहित ध्रुवप्रदेशांतील चलन : हाली रुपयाच्या संदर्भात

निजामी अमदानीत धारूरच्या बाजारपेठेस दोन रुपये परिचित होते : हैदराबाद संस्थानचा हाली आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा साधारण भाव असे. संस्थानाबाहेरून माल आणावयाचा तर कलदार मिळविणे भाग पडे. सारा मात्र हालीत भरता येई. हालीच्या पतीचे मूळ चांदीइतकेच या दुसऱ्या गोष्टीत होते. जो नाणे पाडी, तोच ते परत घेई. 1948 मध्ये संस्थान भारतात समाविष्ट झाले आणि पुढील दशकात हाली रुपया चलनातून काढून घेण्यात आला.

जेथे सारा घेणारे सरकारच नाही, तेथे पैशाची पत कशावर टिकावी? उत्तर ध्रुवसागरातील स्पिट्सबर्गन द्वीपसमूह या प्रश्नाचे चांगले उत्तर देतो. 1920 चा करार 1925 मध्ये अंमलात येऊन तेथे नॉर्वेचे सार्वभौमत्व प्रस्थापित झाले. तोपर्यंत ही भूमी कोणत्याही राज्याची नव्हती. तथापि कोळशाच्या खाणी चालू होत्या. 1916 मध्ये स्थापन झालेल्या 'स्टोरे नोर्स्के' या नॉर्वेजियन कंपनीने वसाहतीतील व्यवहारासाठी स्वतःच्या नोटा काढल्या. वेतन देणारी तीच, निवारा देणारी तीच आणि दुकान चालविणारीही तीच. अशा ठिकाणी साऱ्याचे काम दुकानाने केले. नॉर्वेचा अंमल आल्यावरही या नोटा लगेच गेल्या नाहीत. त्या सुमारे 1980 पर्यंत टिकल्या. परत घेणारा बदलला नव्हता, हे त्याचे कारण मानणे सयुक्तिक ठरेल. तेथील सोव्हिएत खाणींच्या 'आर्क्तिकउगोल' या संस्थेनेही 1946 मध्ये आपली नाणी पाडली होती. 1993 मध्ये तिने पुन्हा नाणी काढली, तेव्हा मात्र नॉर्वेच्या आक्षेपामुळे ती मागे घ्यावी लागली.

या व्यवस्थेत मजुराची बाजू लंगडी होती, हे अर्थशास्त्रज्ञाने नजरेआड करू नये. हाली नको असलेला धारूरकर बट्टा सोसून सराफाकडून कलदार घेऊ शके. खाणीच्या वस्तीत मालक, दुकानदार आणि सराफ हे एकच होते.

दक्षिण ध्रुवाकडील स्थिती निराळी आहे. 1959 च्या अंटार्क्टिक कराराने प्रादेशिक दावे गोठविले. तेथे खाण नाही, बाजार नाही. 'अंटार्क्टिक डॉलर' या नावाच्या नोटा निघाल्या, पण त्या संग्राहकांसाठी. कोणत्याही ठाण्याचा व्यवहार त्यांवर चालत नाही. भारताच्या 'मैत्री' व 'भारती' या ठाण्यांच्या मोहिमांचे नियोजन गोव्यातील ध्रुवीय संशोधन केंद्राकडून होते, आणि तेथे राबणाऱ्याचे वेतन भारतातच जमा होते. एप्रिल 2024 मध्ये 'भारती' येथे टपालघर उघडले, तेही महाराष्ट्र परिमंडळाच्या कक्षेत. तेथील शिक्क्यासाठीची पत्रे गोव्यातून तिकडे नेली जातात आणि ठाण्यावर शिक्का मारून परत आणली जातात. अमेरिकेच्या मॅकमर्डो ठाण्यावर तर दुकान आहे आणि रोकड देणारे यंत्रही आहे. त्यातून अर्थातच अमेरिकन डॉलर निघतात.